ओडेन्सला, चार वाजता

पारसनीस काका माझ्याशी आयुष्यात पहिल्यांदा बोलले ते असं: "आ करा."

कार्डिफला आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. कचऱ्याची हिरवी बिन कुठल्या वारी बाहेर ठेवायची, एवढंच विचारायला मी शेजारची बेल वाजवली होती. दार उघडलं ते एका उंच, काटकुळ्या, पंचाहत्तरी गाठलेल्या गृहस्थांनी. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. मानेकडे पाहिलं, डावीकडून, मग उजवीकडून. मग म्हणाले, "आ करा. जीभ बाहेर."

आणि मी केलं की हो! डॉक्टरांनी सांगितलं की ऐकायचं, हे आमच्यात इतकं मुरलंय की समोरचा खरंच डॉक्टर आहे का, हे विचारायचंसुद्धा सुचलं नाही. भर रस्त्यात, पावसात, जीभ काढून उभी.

"छान. ट्यूब सहज जाईल," ते म्हणाले. "बिन गुरुवारी." आणि दार लावलं.

मी तशीच, आ वासून. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, आपण घर बदलूया.

मग हळूहळू उलगडा झाला. डॉक्टर अच्युत पारसनीस भूलतज्ज्ञ. अडतीस वर्षं इथल्या हॉस्पिटलमध्ये माणसं झोपवली आणि, ते आवर्जून सांगतात, "तितकीच उठवली." भूल दिल्यावर घशात नळी घालायची असते, त्यासाठी जबडा, मान, दात आधी बघून ठेवावे लागतात. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली तरी बघणं काही सुटलेलं नाही. मंडळाच्या गणपतीत आरती चालू असताना माझ्या कानाशी येऊन म्हणतात, "तो लेले बघ. माणूस सोन्यासारखा, पण मान आखूड. अवघड जाईल."

"कुणाला अवघड जाईल, काका?"

"मला!"

एका काकूंनी मुलीसाठी स्थळ आलं म्हणून मुलगा दाखवायला आणला. कसा वाटतो, विचारलं. काकांनी त्या मुलाच्या तोंडावर सांगितलं, "हनुवटी मागे आहे. घोरणार." काकू पांढऱ्याफटक पडल्या. लग्न झालं. घोरतो.

दुसरी खोड म्हणजे "दीर्घ श्वास घ्या." हे कुणालाही. पार्किंगचा दंड लावणाऱ्या कौन्सिलच्या माणसाला, जीपीच्या दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टला, किचनमध्ये धूर झाला म्हणून किंचाळणाऱ्या मला. गंमत अशी की लोक घेतात! तो दंडवालासुद्धा घेत होता, मी डोळ्यांनी पाहिलंय. दंड मात्र त्याने लावलाच.

आणि तिसरी म्हणजे गोष्टी. ऑपरेशनच्या आधी घाबरलेल्या पेशंटला ते गोष्ट सांगायला घ्यायचे. तिसऱ्या वाक्याला पेशंट घोरायला लागायचा. "माझी गोष्ट पूर्ण ऐकलेला एक माणूस अख्ख्या वेल्समध्ये नाही," असं ते छाती काढून सांगतात. "मला तरी कुठे शेवट माहितीयेत?"

तेव्हा गेल्या मार्चमध्ये ते बेल वाजवून म्हणाले, "डेन्मार्कला ओडेन्स म्हणून गाव आहे. मुलांना गोष्टी सांगणाऱ्या जगप्रसिद्ध माणसाचं. त्या माणसाने म्हणे गोष्टी शेवटापर्यंत सांगितल्या. मला ते गाव पायी फिरायचंय. तुझी रजा शिल्लक आहे, नवरा पुण्याला गेलाय आणि मला फोनमधला बोर्डिंग पास उघडता येत नाही. शुक्रवारी चल." तेव्हा मला त्यात वावगं काही वाटलं नाही. म्हाताऱ्या माणसाची हौस, म्हटलं. सुधाकाकू जाऊन तीन वर्षं झाली, घर खायला उठत असेल.

ब्रिस्टलहून विमान, कोपनहेगनला मुक्काम, सकाळी ट्रेन. ट्रेनमध्ये मी सँडविचचा घास घेणार एवढ्यात काकांनी खिशातून चौघडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला.

ईमेलची प्रिंट होती. इंग्रजीत. मी वाचली आणि घास तसाच हातात राहिला. "शनिवार, चार वाजता. चर्चमागच्या बागेत, नदीवरच्या लहान पुलावर. चार म्हणजे चार. मी थांबणार नाही, बाबा. लहानपणी खूप थांबून झालं. उमा."

"उमा? तुमची उमा?" मी ओरडलेच. समोरच्या डॅनिश बाई दचकल्या. "ती ओडेन्सला असते? आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय?"

"दीर्घ श्वास घे," काका म्हणाले.

"मी नाही घेणार!"

मग त्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं. मुलगी लहान असताना हे कायम ड्यूटीवर. वाढदिवसाला केक कापायचा, की फोन वाजायचा. शाळेचं गॅदरिंग असलं की नेमकी कुणाची तरी इमर्जन्सी. ती बूट घालून दारात बसायची आणि बसल्या बसल्या झोपायची. पवनचक्क्यांच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून ती इकडे आली. दहा वर्षांपूर्वी इथल्याच एका मुलाशी ओडेन्समध्ये लग्न केलं. लग्नाच्या आदल्या दिवशी हॉस्पिटलमधला एक डॉक्टर आजारी पडला. त्याच्या जागी हे उभे राहिले. पोचले तेव्हा सह्या होऊन दोन तास झाले होते, लोक कोट घालून निघत होते.

"त्यानंतर बोलली नाही. आईच्या वेळी आली होती. तीन दिवस घरात होती. माझ्याशी दोनच शब्द बोलली, 'चहा हवा?'"

"आणि काकू?"

"सुधा दोघांमधला टेलिफोन होती. ती गेली आणि लाइन कट झाली." त्यांनी कागद परत घडी करून खिशात घातला. "हिवाळ्यात पत्र लिहिलं. चार महिन्यांनी हे उत्तर आलं. आज चुकलं तर परत नाही, मुग्धा. माझं वय बघ."

मला राग आला होता, त्यांचाही आणि तिचाही. घड्याळात साडेदहा. म्हटलं, काका, आपण सरळ त्या पुलावर जाऊन बसू. साडेपाच तास बसू. डबा खाऊ. तर म्हणाले, "बसून राहिलो तर मी पळून जाईन. मला चालव."

ओडेन्स लहानसं, टुमदार गाव. ठेंगणी रंगीत घरं, दगडी फरशीच्या गल्ल्या आणि सगळीकडे सायकली. त्या गोष्टीवाल्या माणसाच्या खुणांवरून पाहुण्यांना फिरता यावं म्हणून गावकऱ्यांनी एक सोय केली आहे. फुटपाथवर त्याची पावलं उमटवली आहेत. भल्यामोठ्या बुटांचे ठसे. आपण नुसतं त्यांच्यामागून चालत जायचं.

"मला नकाशा कळत नाही, पावलं कळतात," काका खूश होऊन म्हणाले. पहिल्या पावलापाशी आलो. मी आपला त्यावर पाय ठेवून पुढे गेले. मागून आवाज आला, "मुग्धा!"

असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. वळून बघते तर काका खाली वाकून त्या बुटाच्या ठशाला हात लावून नमस्कार करतायत.

"पाय ठेवलास? पावलांवर?"

"काका, ती ठेवायसाठीच आहेत."

"पादुकांवर कुणी पाय ठेवतं का? घरी हेच शिकवलं?" आणि मी काही बोलायच्या आत खाली बसून त्यांनी बुटांच्या नाड्या सोडल्या. मार्चची थंडी, सहा डिग्री, माणूस मोज्यांवर! मला वाटलं माझाच रक्तदाब तपासायची वेळ आली. दहा मिनिटं हातापाया पडले तेव्हा बूट परत चढले, पण एका अटीवर. पावलांना उजवीकडे ठेवून, त्यांच्या कडेने चालायचं.

आता ओडेन्सचे ते फुटपाथ केवढे! कडेने चालायचं म्हणजे एक पाय सायकलच्या रस्त्यावर. डेन्मार्कमध्ये सायकलच्या रस्त्यावर पाय ठेवणं म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. घंट्या, हाका, एका गोंडस आजीने तर असं काही म्हटलं की अर्थ न कळताही मी लाजले. काका प्रत्येकाला हात जोडत होते आणि प्रत्येकाचा जबडा बघत होते. "चांगली जात आहे. दणकट."

एका चौकात शाळेची सहल आली. वीसेक पोरं एका पावलावरून दुसऱ्यावर टणाटण उड्या मारत. काका दोन्ही हात पसरून मध्ये उभे. "नो, नो, प्लीज! नॉट ऑन द फीट!" मी डोळे मिटून घेतले. उघडले तर पोरांना तो खेळच वाटला होता. काकांच्या मागून रांग लावून सगळी पावलं चुकवत उड्या मारत होती, आणि त्यांच्या बाईसुद्धा. मी हसावं की रडावं अशा अवस्थेत एका खांबाला धरून उभी राहिले.

गोष्टीवाल्याच्या घरीही धक्का होताच. कोपऱ्यावरचं पिवळं, बुटकं घर, आत तिकीट देणारी मुलगी. काकांनी पिशवीतून बेसनाच्या लाडवांचा डबा काढून तिच्यापुढे ठेवला. "कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये." ती बिचारी म्हणाली, घरमालक वारून बरीच वर्षं झाली. "म्हणून काय झालं? घर आहे ना?" तिने लाडू खाल्ला, डोळे मोठे केले, अजून एक घेतला. काकांचं लक्ष अर्थातच तोंड उघडतं किती, याकडे.

पण मी बघत होते, घरातल्या वस्तूंकडे त्यांचं ध्यान नव्हतं. दर दोन मिनिटांनी मनगटाकडे. "किती झाले?" "एक." "किती झाले?" "काका, एक वाजून तीन मिनिटं." जेवायला बसलो तर एक घास गिळला नाही. तीन वाजता आम्ही पावलांच्या शेवटच्या टप्प्यावर होतो. चर्चचा मनोरा दिसायला लागला. मी म्हटलं, चला, आता पावलं सोडा, सरळ जाऊ. "अर्धवट नको," ते म्हणाले. "पोचतो आपण." आणि खरंच, वेळ पुष्कळ होता.

साडेतीनला, एका अरुंद वळणावर, काका पाऊल चुकवायला सायकलच्या रस्त्यावर उतरले. मागून त्यांच्याच वयाचे एक आजोबा सायकलवर येत होते, पुढच्या टोपलीत फुलांची दोन रोपं. त्यांनी काकांना वाचवायला हँडल वळवलं, चाक कडेच्या दगडाला धडकलं, आणि आजोबा, सायकल, रोपं, सगळं आडवं.

मी किंचाळले. काका मात्र माझ्या डोळ्यांदेखत दुसराच माणूस झाले. सगळा विक्षिप्तपणा गळून पडला. गुडघ्यावर बसले, एक हात आजोबांच्या मानेखाली, दुसरा नाडीवर. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं होतं, पण मनगट भलत्याच कोनात वळलं होतं. चेहरा राखेसारखा, श्वास लागलेला. त्यांनी चांगल्या हाताने काकांच्या कोटाची बाही घट्ट धरली होती. समोरच्या फुलांच्या दुकानातल्या बाईने अँब्युलन्सला फोन केला. म्हणाली, अर्धा तास तरी लागेल.

"काका," मी खाली वाकून म्हटलं, "पावणेचार होतायत. ह्या बाई आहेत. अँब्युलन्स निघालीय. तुम्ही जा."

त्यांनी त्या बाहीवरच्या हाताकडे बघितलं. मग माझ्याकडे. इतका घाबरलेला माणूस मी बघितला नव्हता, आणि मी पडलेल्या आजोबांबद्दल नाही बोलत.

"तू जा," ते म्हणाले. "सांग तिला, ह्या वेळी चूक माझीच आहे."

"आणि थांबायला सांगू ना?"

"नको. ते मागायचा हक्क मला नाही."

मी धावत सुटले. चाराला दोन मिनिटं कमी असताना पुलावर पोचले. ती होती. चाळिशीची, उंच, आखूड केस, काकांचेच कान. मी धापा टाकत म्हटलं, "मी मुग्धा, बाबांची शेजारीण. ते इथेच आहेत, दहा मिनिटांवर. एक आजोबा सायकलवरून पडले, त्यांच्यापाशी..."

उमा हसली. फार वाईट हसली. "ऑफ कोर्स. कोणीतरी पडला. माझा प्रत्येक बर्थडेला कोणीतरी पडायचा."

"ते म्हणाले, ह्या वेळी चूक त्यांचीच आहे."

"ह्या वेळी?" तिने फोनमध्ये वेळ बघितली. चार वाजून एक. पर्स खांद्यावर टाकली आणि वळली.

आता मी स्वभावाने तापट आहे, हे मला मान्य आहे. पण परक्या देशात, परक्या बाईवर, पुलावर उभं राहून ओरडेन असं मला स्वतःलाही वाटलं नव्हतं. "जा ना! जा खुशाल! तुला कोण अडवतंय? पण सगळं लहानपण ज्याच्यासाठी फुकट गेलं म्हणतेस, ते एकदा बघून तरी जा! तो माणूस तिथे नक्की काय करतो, ते कधी पाहिलंयस का तू?"

बदकं उडाली. उमा थबकून वळली. मला वाटलं आता ही पोलिसांना बोलावणार. पण तिने विचारलं, "कुठल्या साइडला?"

आम्ही कोपऱ्यावर पोचलो तेव्हा काका फुटपाथवर मांडी घालून बसले होते. स्वतःचा कोट आजोबांच्या अंगावर, आजोबांचं डोकं मांडीवर. फुलवालीचा फळीचा तुकडा आणि काकांचा मफलर, यात मनगट नीट बांधलेलं. पाठ आमच्याकडे होती. ते इंग्रजीत, खालच्या आवाजात, सावकाश बोलत होते. मला वाटलं नेहमीची गोष्ट. उमाने माझा दंड पकडून मला थांबवलं.

"सात वर्षांची होती तेव्हा शाळेत चमच्यात अंडं घेऊन धावायची शर्यत होती," काका सांगत होते. "तिने निळी रिबीन बांधली होती. तिसरी आली. मी नव्हतो तिथे. श्वास सोडा हळूच, असा. पुढचा दात पडला तो मंगळवारी, दुपारी, सफरचंद खाताना. तेव्हाही नव्हतो. नाटकात ती झाड झाली होती. एक वाक्य होतं झाडाला. ते ती विसरली आणि तिने मनाचंच दुसरं म्हटलं. तेही मला पाठ आहे. माझी बायको फोनवर सगळं सांगायची, ऑपरेशन संपलं की मी कॉरिडॉरमध्ये उभा राहून ऐकायचो. एकेक गोष्ट दोन दोनदा सांगायला लावायचो. हां, छान, दुखणं कमी होतंय ना?"

आजोबांनी डोळे न उघडता विचारलं, "आणि आता कुठे असते ती?"

"याच गावात," काका म्हणाले.

माझ्या दंडात उमाची नखं रुतली होती. मी हलले नाही.

अँब्युलन्स आली. काकांनी तिच्यातून उतरलेल्या मुलांना दोन वाक्यांत सगळं सांगितलं. आजोबा स्ट्रेचरवर चढताना काकांचा हात सोडेनात, तेव्हा फुलवालीने तो हळूच सोडवला. दारं लागली, गाडी गेली. काका वळले आणि त्यांना उमा दिसली.

त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. कोट नव्हता, थंडीने ओठ निळे पडले होते. म्हणाले, "पंचवीस मिनिटं झाली."

"हो."

"तू थांबलीस?"

"मी थांबली नाही, बाबा," उमा म्हणाली. "मी आली."

काकांनी मान खाली घातली आणि रडायला लागले. मोठ्याने, लाजही न वाटता, लहान मुलासारखे. मला काय करावं कळेना, म्हणून मी ती सांडलेली रोपं गोळा करायला लागले. उमा हलली नाही. मग तिने स्वतःचा कोट काढला, त्यांच्या खांद्यावर टाकला आणि म्हणाली, "आईने तुम्हाला राँग सांगितला. मी तिसरी नव्हती. सेकंड आली."

काकांनी तोंड पुसलं. "दुसरी?"

"सेकंड."

"मग पहिली कोण आली?"

उमा त्या गारठलेल्या फुटपाथवर त्यांच्याशेजारी बसली आणि सांगायला लागली.